मोहाच्या झाडाखाली अडकलेलं बटण

नागभीडला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या कडुनिंबापर्यंत एक तांब्याची तार ताणलेली आहे. नवीन माणूस घरी आला की हमखास विचारतो, "रशीदभाई, कपडे वाळवाची तार इतकी उंच काऊन बांधली?" मी छाती फुगवून सांगतो की बाबा, ही कपड्याची तार नाही, या तारेतून मी जगाशी बोलतो. तेवढ्यात आतून आमच्या बेगमचा आवाज येतो, "हाँ, दुनिया से बोलते. घर में पूछो तो हूँ-हूँ करते!" पाहुणा हसतो आणि माझी फुगलेली छाती जागच्या जागी बसते.

मी रेडिओ मेकॅनिक. आता हात थरथरतात म्हणून दुकान भावाच्या लेकाकडे दिलं, पण टेस्टर अजून खिशात असतो. जन्म कुठला, शिक्षण किती, दुकान कधी टाकलं हे सांगत बसलो तर तुम्ही पान उलटून पुढच्या कवितेवर जाल, आणि कविता तर त्याहून वाईट असणार. म्हणून सरळ बटणावरच येतो.

आमच्या साऱ्या धंद्याचा आणि नादाचा जीव एका बटणात आहे. हातातल्या सेटचं, म्हणजे वॉकीटॉकीचं, बटण दाबलं की तुम्ही बोलायचं. सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवाल तोवर तुम्हाला काही ऐकू येणार नाही, आणि त्या चॅनलवर दुसऱ्या कोणाचं काही चालणार नाही. दोघांनी एकाच वेळी दाबलं तर नुसती खरखर. फोनसारखं दोघांनी मिळून कालवा करायचा नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आयुष्यभर लोकांना हेच शिकवत आलो, आणि अर्ध्या लोकांना अजून जमत नाही.

यातले काही सेट हॅम रेडिओवाल्या हौशी लोकांचे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, चौकशी होते, सरकारी परवाना मिळतो, मग तुम्ही देशोदेशी बोलू शकता. काही सेट लहान, कमी ताकदीचे, परवाना न लागणारे. हे शेतात, बांधकामावर, लग्नात चालतात. मी दोन्हीतला. पोटासाठी दुसरे दुरुस्त केले आणि पहिल्यांपायी वेडा झालो.

परवाना हातात पडला त्या दिवशी दिवस मावळताना मी गच्चीवर बसून पहिली हाक मारली. कोणी आहे का, कोणी आहे का, मी नागभीडहून बोलतोय! खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. आणि मग, अरे बाप रे, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा आवाज आला! इंडोनेशियातला एक शाळामास्तर. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं तर कुटलेलं. नावगाव झालं, हवापाणी झालं, आता काय बोलावं सुचेना, तर मी विचारलं, जेवले का? तो म्हणाला, भात आणि मासे. मी उडालोच! आमच्या घरीही त्या दिवशी भात आणि मासेच! जिना उतरताना एक पायरी चुकली, पण पडलो ते आनंदातच पडलो. बेगमला म्हटलं, समुद्रापारचा माणूस आपल्यासारखंच खातो! ती म्हणाली, "खाएगा नहीं तो क्या? इसमें इतना कूदने का क्या है?" तिचंही बरोबर होतं. पण मी ते दोन-तीन दिवस गावभर सांगत फिरलो.

शेजारी गडचिरोली जिल्हा, चहूकडे जंगल, त्यात घरावर अशी तार. मग चौकशी तर होणारच. दोन शिपाई आले. मी परवाना दाखवला, त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, फोटो माझ्या तोंडाशी जुळवून पाहिला. काम झालं, पण त्यातला वयस्कर होता तो जाईना. टोपी मांडीवर ठेवून सेटसमोर बसला. तेवढ्यात केरळातला एक हौशी लागला. शिपाईभाऊंनी माझ्या कोपराला ढोसलं. "विचारा ना भाऊ त्याले, तिथी पाणी आहे का? आमच्या धानाचे तर हाल होऊन राह्यले." मी विचारलं. तिकडे धो-धो चालू होता. शिपाईभाऊ उसासा टाकून म्हणाले, "पाय बाप्पा, त्यायच्याकडे आहे!" त्यानंतर ते जेव्हा दिसत तेव्हा मला सलाम आधी तेच करत, आणि लोकांना वाटे रशीद मोठा माणूस झाला.

गिऱ्हाइकांचं तर काय सांगावं! एक लग्नाचा आचारी होता. त्यानं वाढप्यांसाठी सेट घेतले. मंडपात नवरीच्या बापाशेजारी उभ्या असलेल्या वाढप्याच्या खिशातून एकदम आवाज आला, "पुऱ्या खतम! भात पुढे ढकला, पाहुणे भातावर दाबा!" सारी पंगत हसली आणि नवरीचा बाप जेवण टाकून भटारखान्याकडे पळाला. आचारी दुसऱ्या दिवशी सेट परत घेऊन आला, म्हणे यात काहीतरी बिघाड आहे, हा खरं बोलते. दुसरा एक माजरीच्या कोळसा खाणीवरचा ट्रकवाला. त्याचा सेट उघडला की आतून पसाभर कोळसा निघायचा. मी म्हणायचो, भाऊ, हा सेट आहे का शेगडी? तो म्हणायचा, रशीदभाई, चुलीत टाका तो कोळसा, पण सेट आजच्या आज द्या. मी द्यायचो. त्याचा हसरा काळा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती वेगळीच आहे. ती सांगताना आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात हळू बोला. नाही बोलत हळू.

आमच्या नागभीडपासून आत जंगलाला लागून एक वस्ती आहे. खरं नाव लिहीत नाही, चिचटोला म्हणा. धानाच्या बांध्या संपल्या की जंगल सुरू, आणि जंगल सुरू झालं की वाघ. तिथे ही रोजची गोष्ट आहे, जशी तुमच्याकडे वाहनांची गर्दी. उन्हाळा लागता-लागता मोहफुलं पडतात. ती पहाटे पडतात, आणि उजाडताच वेचली नाहीत तर जनावरं खातात. म्हणून बाया टोपल्या घेऊन भल्या सकाळी जंगलात जातात. वाकून वेचणारी बाई वाघाला बाई दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसतं. मोबाईलला तिथे रेंज नाही. म्हणून गावानं ते छोटे सेट घेतले आणि मला शिकवायला बोलावलं.

काय शिकल्या त्या बाया! बोलणं संपलं की आम्ही 'ओव्हर' म्हणतो आणि समोरचं सगळं नीट ऐकू आलं की 'रॉजर'. शेवंताबाई म्हणून साठीची बाई होती, टोळीची म्होरकी. ती म्हणाली, "भाऊ, हे इंग्रजी तुम्हीच ठेवा. बटन सोडलं की आमी 'सोडलं' म्हनू. आवाज भेटला की 'भेटलं' म्हनू. चालन का?" मी म्हटलं, चालन काय, धावन! आमच्याकडे मिळालं या अर्थी भेटलं म्हणतात. तेव्हापासून चिचटोल्याच्या हवेत सोडलं-भेटलं चालू झालं.

गावातला सेट शेवंताबाईच्या सुनेकडे असायचा. वैशाली तिचं नाव, बारावी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून ती एकेका टोळीला हाक मारायची, कुठे आहात, किती जणी आहात, सगळ्या दिसतात का. आवाज ठणठणीत, डोकं थंड. सगळ्यांना हाका मारून सांभाळणाऱ्या अशा माणसाला आम्ही कंट्रोल म्हणतो. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतका चांगला कंट्रोल पाहिला नाही, आणि मी खाणीवरचेही पाहिलेत.

या सासू-सुनेचं घरात विस्तव आणि वाळलं गवत. वैशालीला चंद्रपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचं होतं. नंबरही लागला होता. नवरा तयार, पण शेवंताबाई आडवी. "नाई म्हंजे नाई. घर कोन पाहीन?" एवढंच उत्तर. आठवडा संपला की प्रवेशाची मुदत संपणार होती. दोघी घरात एकाच वेळी बटण दाबायच्या, मग काय, खरखर! आणि गंमत पाहा, सेटवर मात्र त्यांच्याइतकं सुरेख कोणी बोलत नव्हतं. कारण तिथे एकीचं सोडलं झाल्याशिवाय दुसरीला बोलताच येत नाही. वैशालीचा नवरा मला म्हणे, "भाऊ, आमच्या सैपाकघरात बी दोन सेट लावून द्या."

त्या सकाळी मी बॅटऱ्या बदलून द्यायला चिचटोल्यात गेलो होतो. वैशाली ओट्यावर. शेवंताबाईनं सांगितलेलं, "आमी मोठ्या बोडीकडं जाऊन राह्यलो. सोडलं." बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. (आमच्या भागात बायाही जातो, येतो म्हणतात, हसू नका.) दुसरी टोळी नाल्याकडे. मी चहा घेत बसलो होतो.

आणि सेटमधून शेवंताबाईचा आवाज सुरू झाला. हाक नाही, नाव नाही, नुसत्या गप्पा.

"...लोनचं घातलं तिनं, त्यात मीठ कुठी आहे? पाहुने खाऊन पाह्यते अन् माह्या तोंडाकडं पाह्यते..."

माझ्या लगेच लक्षात आलं. सेटची चिमटी लुगड्यावर टिकत नाही, म्हणून बाया सेट कमरेला पदरानं आवळून बांधतात. शेवंताबाईनं जरा जास्तच आवळला होता. वाकली की बटण दाबलं जायचं, आणि आता ते दाबलेलंच राहिलं होतं. महाग सेटात सोय असते, बटण फार वेळ दाबलेलं राहिलं की सेट आपोआप गप्प होतो. या गरिबाघरच्या सेटांत ती नव्हती. आता तिचं सगळं आम्हाला ऐकू येणार, आमचं काहीच तिला जाणार नाही.

ओट्याभोवती बाया-पोरं जमली. लोणच्यापाठोपाठ सुनेचं उशिरा उठणं निघालं, मग भाकरी जाड थापणं. वैशालीचे कान लालबुंद. मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर तिनं सेट बाजूला ओढला. "राहू द्या भाऊ. तोंडावर तर रोजच बोलते, पाठीमागं काय म्हनते ते बी आयकू द्या."

नाल्याकडची टोळी पोट धरून हसत परत आली. चॅनल अडकलं तर मुकाट घरी यायचं, असा आमचा नियमच होता, आणि तो त्यांनी पाळला. अडकलं हे फक्त ज्यांच्यामुळे अडकलं त्यांनाच माहीत नव्हतं.

मग सेटमध्ये दुसऱ्या कोण्या बाईचा आवाज आला, "मंग जाऊ दे ना तिले चंद्रपूरले! सुटली पीडा."

पाचोळ्याचा आवाज. फुलं टोपलीत पडल्याचा आवाज. मग शेवंताबाई बोलली, आणि आवाज आता तो नव्हता.

"पीडा कशाची वो? माहा जीव जडला त्या पोरीवर. मले ताप आला होता तं रातभर बसली उशाशी, सकाळी पुन्हा भांडाले तयार! ती गेली तं मी भांडू कोनासंग? लेक बोलत नाई, त्याचा बाप तं मरून गेला. घर खायाले उठन मले. म्हनून नाई म्हनतो, दुसरं काय? पर तिले सांगजो नोको, डोक्शावर बसन."

ओट्यावर कोणी हसलं नाही. वैशालीनं सेट छातीशी धरला होता आणि ती माझ्याकडेही पाहत नव्हती, कोणाकडेच नाही.  मी उगाच कपबशी पुसत बसलो.

एवढ्यात मोटरसायकल करकचून थांबली. धनराजभाऊ. वाघावर नजर ठेवणाऱ्या गावच्या पथकाचा हा म्होरक्या, चाळिशीचा गडी. उतरतानाच ओरडला, "कोनी आयकूनच नाई राह्यलं काऊन? मी कवाचा बोलून राह्यलो! वाघीन बैलगाडीचा रस्ता काटून गेली, माह्या डोयानं पाह्यली!"

त्याचा सेट लांब, शेवंताबाईचा जवळ. जवळच्या आवाजाखाली लांबचा दबून जातो. त्याचं एक अक्षर आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"कुठी गेली?" वैशाली उठून उभी राहिली.

"सागवानीकडं, त्या सागाच्या रानात. पिल्लं बी आहेत संगं. शेवंताकाकू कुठी आहे?"

"बोडीकडं."

धनराजनं श्वास सोडला. "मंग ठीक आहे. बोडी या टोकाले, सागवानी त्या टोकाले."

आणि सेटमधून वानर खेकसलं.

खॅक्! खॅक्-खॅक्! जंगलातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. झाडावरचं वानर असं खेकसतं तेव्हा खाली वाघ नाहीतर बिबट असतो. पाठोपाठ चितळ ओरडलं. आणि हसण्या-बोलण्याच्या कालव्यात टोळीतल्या एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं, शेवंताबाई तर बिनघोर लोणच्याकडेच परत वळली होती!

धनराजचं तोंड उतरलं. "बोडीकडं वानर काऊन बोलून राह्यलं?"

आता ऐका, वाचकहो, कारण हा माझा खेळ. आम्हा हौशी लोकांचा एक खेळ असतो. कोणी एक जण सेट चालू करून लपतो आणि बाकीच्यांनी त्याला शोधायचं. चंद्रपूरला आम्ही सुट्टीच्या दिवशी खेळायचो, बायका म्हणायच्या एवढे बाप्ये होऊन लपाछपी खेळता, शोभते का? पण त्यातली एक युक्ती सांगतो. सेट छातीशी चिकटवून धरायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. आपलं शरीर आवाज अडवतं. ज्या दिशेला पाठ केल्यावर आवाज मरतो आणि खरखर वाढते, बोलणारा त्या पाठीमागे!

मी माझा हौशी सेट काढला, त्यावर ते चॅनल लावलं. आवाज इतका जोरकस की कुठेही वळा, सारखाच. मग एरियलच पिळून काढून टाकलं. सेट अर्धा बहिरा झाला, आणि हेच तर पाहिजे होतं. छातीशी धरला आणि फिरलो. बोडीकडे तोंड, आवाज क्षीण. सागवानीकडे तोंड, आवाज साफ! खात्रीसाठी परत फिरलो. सागवानीला पाठ केली की शेवंताबाई खरखरीत बुडून जायची.

"धनराज, ती बोडीकडं नाई! सागवानीत आहे!"

"आई म्हने बोडीकडं जातो..." वैशालीचा आवाज फुटला. बोडीकडे फुलं कमी पडली असतील आणि टोळी झाडं शोधत-शोधत पुढे सरकली असेल. सरकल्याचं सांगायचं गप्पांच्या नादात राहून गेलं असेल, आणि बटण अडकलेलं म्हणून वैशालीला विचारताही आलं नव्हतं.

वैशाली मोटरसायकलकडे धावली. मी आडवा आलो. "बाई, तू नाई. बटन सुटलं तर तुझी हाक तिले पहिली गेली पाहिजे. कंट्रोल जागा सोडत नसते." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तेव्हाच मेलो असतो तर बरं. पण ती परत बसली. सेट दोन्ही हातांत धरून बसली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "लवकर जा ना भाऊ!"

धनराज पुढे, मी मागे, सेट माझ्या छातीशी. मागून ट्रॅक्टरवर गावातली पोरं डबे बडवत. बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गाडी उडत होती आणि मी ओरडत होतो, डावीकडं! अजून डावीकडं! जिथे वाट फुटायची तिथे उतरून एक गिरकी घ्यायची आणि परत बसायचं. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता म्हाताऱ्याच्या अंगात आलं. सेटमधून वानराचं खेकसणं थांबेना. उलट आता दुसरंही वानर बोलायला लागलं होतं. आणि मग आम्हाला ते कानांनीही ऐकू यायला लागलं, सेटशिवाय.

मोहाचं झाड दिसलं. बाया दिसल्या. शेवंताबाई वाकलेली, आमच्याकडे पाठ. तिच्यापलीकडे बांबूचं बेट. मी गाडीवरून उतरून तिच्याकडे धावलो, सेटचा आवाज पूर्ण वाढवलेला तसाच हातात. आणि काय झालं सांगू? तिच्या कमरेचा सेट आणि माझा सेट जवळ आले. माझ्या सेटचा आवाज तिच्या सेटमध्ये, तिच्या सेटचा माझ्या सेटमध्ये, आणि जी शिट्टी उठली! लग्नात माईकवाल्याच्या हातून जी कानठळ्या बसवणारी शिट्टी उठते ना, तशी, तिच्या दसपट! वानरं गप्प झाली. बायांनी कानांवर हात ठेवले. धनराजनं हॉर्न दाबून धरला. आणि बांबूच्या मागे काहीतरी पिवळं उठलं, आमच्याकडे पाठ केली आणि पाचोळ्याचा आवाजही न करता खाली नाल्यात उतरलं. पाठोपाठ दोन लहान.

मी पाय रोवून उभा होतो असं सांगितलं असतं, पण धनराज हा अंक वाचणार आहे. मी धनराजचा खांदा धरून उभा होतो.

शेवंताबाईनं वाघीण पाहिलीच नाही. तिनं मला पाहिलं. "काऊन बोंबलून राह्यले, भाऊ? अन् फुलावर पाय देऊन राह्यले! पाय काढा आधी!" मी पाय काढला. मग धनराजनं बांबूमागचं दाबलं गेलेलं गवत दाखवलं. अजून उठत होतं ते. शेवंताबाईनं टोपली खाली ठेवली आणि बाजूच्या बाईचा हात घट्ट धरला. मी तिच्या कमरेचा पदर सैल केला. बटण टक् करून वर आलं.

त्याच क्षणी वैशालीचा आवाज त्या सेटमधून आला, बहुतेक ती केव्हाची बोलतच होती. "आई! आई, आयकू येते का? आई!" आणि 'सोडलं' म्हणायला विसरली, इतकी चांगली कंट्रोल असून. पण बटण मात्र तिनं सोडलं होतं.

शेवंताबाईनं सेट तोंडाशी नेला. "बोंबलू नोको. आहो मी. सोडलं."

ती शिट्टी वैशालीनं ओट्यावर ऐकली होती, आणि तिला वाटलं झालं, संपलं. हे मला नंतर बायांनी सांगितलं. वाघीण माझ्या शिट्टीनं गेली की धनराजच्या हॉर्ननं, यावर आमचं आजही भांडण आहे. तो म्हणतो हॉर्न. त्याला काय कळतं!

गावात आल्यावर शेवंताबाईला कळलं की सकाळचं सगळं बोलणं गावभर गेलं होतं. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सुनेला म्हणाली, "तू काय-काय आयकलं?" वैशाली म्हणाली, "काई नाई. नुसती खरखर होती." सगळा गाव उभा होता, आणि सगळ्या गावानं मान डोलावली, हो, खरखरच होती. चिचटोल्याच्या लोकांचं मला तेव्हापासून कौतुक आहे.

त्या रात्री मला कोणी जाऊ दिलं नाही. धनराजकडे जेवलो, झोपलो. बेगमला निरोप गेला होता, तरी घरी गेल्यावर व्हायचं ते झालंच. पहाटे अंधारातच उठून मी सगळे सेट पुढे घेऊन बसलो आणि सलाईनच्या बाटलीच्या रबरी बुचाची गोल कडी कापून प्रत्येक बटणाभोवती चिकटवली. म्हणजे बोट आत घालून दाबलं तरच दाबणार, पदरानं आवळून नाही. मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं काय ते त्यांना माहीत.

उजाडताच बाया परत जंगलात गेल्या, या वेळी पथकाच्या पोरांसोबत. जाणारच, फुलं काही थांबत नाहीत. मी ओट्यावर वैशालीशेजारी बसलो, माझा सेट हातात. नाल्याकडची टोळी बोलली. मग शेवंताबाई. कुठे आहे ते सांगितलं, किती जणी ते सांगितलं. पण सोडलं म्हणाली नाही. 

"वैशाली," ती म्हणाली, "काल जे खरखर झाली ना, ते खोटी नोयती. जाय तू चंद्रपूरले. गावातला सेट मी सांभाळन, मले येते आता. पर सुट्टीत आली का भांडाले येजो मह्यासंग. सोडलं."

वैशालीनं बटण दाबलं. माझ्या सेटवरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे कोणीतरी हवेत आहे. पण आवाज येईना. दिवा तसाच. मी घाबरून तिच्या सेटकडे पाहिलं, म्हटलं माझी कडी बिघडली, परत अडकलं की काय! नाही. तिनंच दाबून धरलं होतं, अंगठा पांढरा पडेस्तोवर, आणि बोलता येत नव्हतं. पलीकडे शेवंताबाई थांबून राहिली होती. मी शिकवलं होतं तसंच.

मग आवाज आला.

"भेटलं, आई. सोडलं."